व्यसनमुक्ती केंद्रात पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

(सामुदायिक रेडिओवर महिला बचत गटांसाठी झालेलं बोलणं. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचता येईल अशा बेताने इथे छापलं आहे.)



गटाची बैठक संपते, हप्ते गोळा होतात, रजिस्टर लिहून होतं, आणि एखादी बाई मागे रेंगाळते. तिला कर्ज हवं असतं. कशासाठी म्हणून विचारलं तर आधी सांगत नाही. मग हळूच म्हणते, "ह्यांना केंद्रात टाकायचं म्हणते." कोणी तरी नंबर दिलेला असतो. फोनवरच्या माणसाने सांगितलेलं असतं, "ताई, काळजी करू नका, रात्री गाडी पाठवतो, तीन महिन्यांत माणूस सरळ करून देतो. आधी २० हजार भरा."

आता गटाने काय करायचं? पैसे नाही म्हणावेत तर तिच्या घरात रोज मारझोड आहे. हो म्हणावं तर पैसे आणि माणूस कुठे चालले आहेत, हे कोणालाच ठाऊक नाही. आजचं बोलणं त्यासाठी आहे. चांगलं केंद्र कसं ओळखायचं, आणि कुठून पाय काढता घ्यायचा.

दारूचा प्रश्न आपल्या भागात बायांनीच रस्त्यावर आणला. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून हजारो बाया पायी नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली, २०२१ मध्ये ती उठवली गेली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी आजही आहे. बंदी असावी की नसावी, हा आजचा विषय नाही. दुकान उघडं असो की बंद, ज्याला व्यसनाचा आजार जडला आहे त्याला उपचार लागतात, एवढं लक्षात ठेवू.

आधी आजार समजून घेऊ

सणावाराला पिणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. पण सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घोट घेतल्यावरच थांबतात, ठरवूनही पिणं थांबत नाही, मजुरीचे पैसे घरी येण्याआधीच संपतात, अशी गत झाली की शरीराला दारूची सवय लागली असं समजावं. मग ती मोहाची असो, देशी असो की इंग्रजी. अशा वेळी शपथा घालून, देवाची माळ घालून किंवा मारून दारू सुटेलच असं नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, बेचैनी सुरू होते. झोप लागत नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालतात असं वाटतं, ताप चढतो, नाडी जोरात पळते. गावात लोक म्हणतात, "ह्याला बाहेरचं झालं." ते बाहेरचं नसतं. दारू अचानक तुटल्याचा तो परिणाम असतो, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. अशी लक्षणं दिसली तर केंद्र शोधत बसू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखान्यात न्या. किती वर्षांपासून पितो, रोज किती पितो आणि शेवटची कधी प्यायला, हे डॉक्टरांना लपवून न ठेवता सांगा.

म्हणून "आमच्याकडे औषध-गोळी काही नाही, चार दिवस खोलीत ठेवतो, आपोआप उतरते" असं एखाद्या केंद्राने अभिमानाने सांगितलं, तर तिथे माणूस ठेवू नये.

भरती करायलाच हवं का?

दरवेळी नाही. बऱ्याच जणांचे उपचार घरी राहून, दवाखान्यात येऊन-जाऊन होतात. आधी आशाताईशी बोला. वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या दिवशी, कुठे बसतात, ते तिथे विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. गटाचं कर्ज काढण्याआधी हा दरवाजा ठोठावून पाहावा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम आहे. तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने दारू आणि तंबाखूविरुद्धचं काम जिल्हाभर सुरू झालं. त्यात गाव संघटना आहेत आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखानेही आहेत. माणूस ठरलेल्या दिवशी येतो, तपासून घेतो, बोलतो, औषध घेतो आणि घरी जातो. त्याची मजुरी बुडत नाही, बायकोचं कर्ज वाढत नाही. आपल्या माहेरची किंवा सासरची माणसं तिकडे असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

आणखी एक वाट आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे 'एए'. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारूग्रस्तांनी एकमेकांना सावरायला सुरुवात केली, त्यातून ही चळवळ जगभर पसरली. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून बोलतात. तिथे फी नसते, नाव-गाव उघड होत नाही. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' नावाचे वेगळे गट असतात. जवळ कुठे बैठक भरते ते शोधावं. मात्र ज्याला फिट येते, त्याने आधी डॉक्टर गाठावा, मग बैठक.

भरती केव्हा लागते? आधी कधी दारू सोडताना फिट आली किंवा भ्रम झाला असेल, जीव देण्याची भाषा असेल, कावीळ किंवा दुसरा मोठा आजार सोबत असेल, घरी राहून दोन-तीनदा प्रयत्न फसला असेल, तेव्हा. हा निर्णय डॉक्टरांनी तपासून सांगावा. फोनवर गाडी पाठवणाऱ्याने सांगायची ही गोष्ट नाही.

चांगलं काम कसं असतं?

महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे पुण्याचं 'मुक्तांगण'. लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी केंद्रासाठी पैसे दिले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र उभं केलं. तिथले उपचार ३५ दिवसांचे असतात. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीरातली दारू उतरवायची. मग रोजची ठरलेली दिनचर्या, व्यायाम, गटात बोलणं, समुपदेशन. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात. घरच्यांना बोलावून त्यांच्याशीही बोललं जातं, बायकांचे वेगळे गट घेतले जातात. स्त्रियांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे.

प्रत्येकीने पुण्याला जावं, असं मी म्हणत नाही. पण ह्यातून माप मिळतं. चांगल्या केंद्रात तीन गोष्टी असतात: शरीर सावरायला डॉक्टर, मन सावरायला समुपदेशक, आणि घरी गेल्यावर पाठपुरावा. ह्यातली एक जरी नसली तर ते काम अर्धं समजावं.

केंद्रात जाऊन विचारायचे प्रश्न

माणूस नेण्याआधी घरातलं एक आणि गटातली एक, अशा दोघींनी दिवसाउजेडी केंद्र पाहून यावं. हे प्रश्न कागदावर लिहून न्या. मिळालेलं उत्तर समोरच लिहून घ्या.

१. नोंदणी कुठली आहे? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. म्हणून माणसांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, ते विचारा आणि प्रमाणपत्र पाहायला मागा. भिंतीवर फ्रेममध्ये लावलेला कागद म्हणजे तीच नोंदणी, असं समजू नका. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी एवढंच सांगते की संस्था कागदावर आहे. उपचार करायची परवानगी ही वेगळी गोष्ट आहे. प्रमाणपत्रावर नाव आणि पत्ता ह्याच केंद्राचा आहे का आणि मुदत संपली तर नाही ना, हे शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या.

२. डॉक्टर कोण आणि कधी येतात? नाव विचारा, पदवी विचारा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री दोन वाजता फिट आली तर कोण पाहील, कुठल्या दवाखान्यात नेतील? "आम्हाला अनुभव आहे" हे ह्या प्रश्नाचं उत्तर नाही.

३. पहिल्या दिवशी काय करता? चांगलं केंद्र आधी तपासणी करतं, रक्त-लघवी पाहतं, जुने कागद मागतं, कोणती औषधं चालू आहेत ते विचारतं. आल्याबरोबर फक्त पावती फाडत असतील तर सावध व्हा.

४. त्याची संमती कशी घेता? मोठ्या माणसाने स्वतः तयार होऊन भरती होणं सगळ्यात बरं. तसा भरती झालेला माणूस सुट्टी मागू शकतो. तो तयार नसेल आणि त्याच्यापासून त्याला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर कायद्यात वेगळी सोय आहे. त्यासाठी दोन जाणकारांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. अशी भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची असते आणि तिची खबर मानसिक आरोग्य मंडळाला द्यावी लागते. रात्री चार माणसं पाठवून, तोंड दाबून गाडीत घालणं ह्यात कुठेच बसत नाही. बायकोने सही केली म्हणून ते कायदेशीर होत नाही.

५. भेटायला आणि फोनवर बोलायला कधी मिळेल? पहिले काही दिवस तब्येतीमुळे भेट थोडी मर्यादित ठेवली तर समजू शकतं. पण "तीन महिने तोंड पाहायचं नाही, फोन नाही" असं म्हणत असतील तर आत काय चालतं ते बाहेर कळू द्यायचं नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा. भेट एकट्यात व्हावी, कार्यकर्ता कानाशी उभा राहून नको.

६. कोणी ऐकलं नाही तर काय करता? हा प्रश्न साध्या आवाजात विचारा आणि चेहरा पाहा. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. एकट्याला कोंडून ठेवणं बंद आहे. जबरदस्तीने टक्कल करता येत नाही, जबरदस्तीने काम करून घेता येत नाही. स्वतःचं ताट धुणं, अंगण झाडणं ही दिनचर्या झाली. मालकाच्या शेतात राबवणं हा उपचार नाही.

७. राहायची जागा दाखवाल का? झोपायची खोली, संडास, स्वयंपाकघर पाहा. एका खोलीत किती जण आहेत? खिडकी उघडते का? आत असलेल्या एक-दोघांशी बोलू देतात का? ऑफिस चकचकीत आणि आतला दरवाजा बंद, असं असेल तर परत फिरा.

८. एकूण खर्च किती, आणि त्यात काय काय आलं? राहणं, जेवण, औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी, सगळं एका कागदावर लिहून मागा. मधेच घरी आणलं तर किती पैसे परत? पैसे संस्थेच्या खात्यात भरा, एखाद्या माणसाच्या फोन-पेवर नको. दर वेळी पावती घ्या.

९. घरच्यांशी काय बोलता? घरी आल्यावर काय? महिन्यातून किती वेळा बोलावतील, फोन कोण करील, पुन्हा प्यायला तर काय करायचं? ह्याचं उत्तर तयार असेल तर केंद्राला काम कळतं, असं समजा.

उपचार घेणारी बाई असेल तर आणखी विचारा: राहायची जागा पूर्ण वेगळी आहे का, रात्री बाई कर्मचारी असते का, लहान लेकराचं काय? व्यसन फक्त पुरुषांना लागतं असं नाही. गुल आणि खर्ऱ्याने किती बायांची तोंडं उघडेनाशी झाली आहेत, ते आपण आपल्याच गावात पाहतो.

ह्या खुणा दिसल्या तर पैसे देऊ नका

"शंभर टक्के हमी." व्यसन हा मधुमेह, बीपीसारखा पुन्हा डोकं वर काढणारा आजार आहे. बरेच जण एक-दोनदा घसरतात आणि मग सावरतात. खरा डॉक्टर हमी देत नाही, प्रयत्न सांगतो.

"त्याला न सांगता चहात, भाजीत ही पूड टाका." हे फार धोक्याचं आहे. डायसल्फिराम नावाची एक गोळी असते. ती घेतल्यावर दारू प्यायली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. ही गोळी डॉक्टर तपासून, रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या मर्जीने देतात. लपवून दिली आणि तो वर दारू प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. अनोळखी पुडीत काय असतं, ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ती घरात आणूच नका.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागणं. सगळे पैसे आधी मागणं. "आजच भरलं तर सवलत" म्हणून घाई करणं. गावातला एखादा माणूस फार आग्रहाने एकच केंद्र सुचवत असेल तर त्याला सरळ विचारा, "भाऊ, तुला ह्यात काही मिळतं का?"

गटाने काय करावं?

कर्ज द्यायचंच ठरलं तर एकदम देऊ नका. आधी केंद्र पाहून यायचं भाडं द्या. लिहून आणलेली उत्तरं बैठकीत वाचा. मग भरतीच्या वेळी एक हप्ता, आणि पहिल्या भेटीत माणूस ठीक दिसला तर दुसरा हप्ता. असं केल्याने कर्ज घेणाऱ्या बाईवर अविश्वास दाखवला असं होत नाही. केंद्रासमोर ती एकटी नाही, तिच्यामागे दहा बाया उभ्या आहेत, हे केंद्राला कळतं.

पहिल्या भेटीत त्याच्या अंगाकडे पाहा. वळ, सूज, फार झोपेत असल्यासारखं बोलणं, एकदम उतरलेलं वजन. तो म्हणाला, "मला इथे मारतात," तर "दारूसाठी बहाणे करतो" म्हणून झटकून टाकू नका. आधी खात्री करा. त्याच्या उपचाराचे कागद मागा, तो त्याचा हक्क आहे. खरंच मारहाण असेल तर त्याला तिथून आणा, सरकारी डॉक्टरांना दाखवून नोंद करून घ्या, पोलिसांत तक्रार द्या.

आणि एक, तो केंद्रात जायचा आहे म्हणून घरातली मारझोड सोसत राहू नका. त्याचे उपचार आणि तुमची सुरक्षा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच वेळी मागता येतात.

घरी आल्यावर

पहिले काही महिने नाजूक असतात. गोळ्या चालू ठेवायच्या, ठरलेल्या तारखेला दाखवायला जायचं. वाटखर्चासाठी गटाने आधीच थोडे पैसे बाजूला ठेवले तर ही फेरी चुकत नाही. गावात "काय, किती दिवस टिकतंय बघू" असं म्हणणारे भेटतात. त्यांना गटातल्या बायांनीच गप्प करावं. पोळा, दिवाळी, लग्नसराई, धान विकून हातात पैसा येतो तो आठवडा, हे घसरायचे दिवस असतात. त्या दिवसांत त्याच्यासोबत कोण राहील, हे आधी ठरवा.

तो पुन्हा प्यायला तर पैसे वाया गेले असं समजू नका आणि स्वतःला दोष देऊ नका. तुमच्या स्वयंपाकामुळे, बोलण्यामुळे किंवा पायगुणामुळे कोणी दारुड्या होत नाही. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला फोन करा. लवकर सावरलं तर पुन्हा भरती करायची वेळही बऱ्याचदा येत नाही.

हे नंबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

१४४४६: व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. सरकारी मदतीने चालणारं जवळचं केंद्र कुठलं, ते इथे विचारा.
१४४१६: टेलि-मानस, मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलायला.
१०८: ॲम्ब्युलन्स.
१८१: महिला हेल्पलाइन.
११२: पोलिस आणि तातडीची मदत.
१५१००: मोफत कायदेशीर मदत. बाईला ही मदत मिळायला उत्पन्नाची अट नाही.

आजचे नऊ प्रश्न पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि एका कागदावर उतरवून गटाच्या पेटीत ठेवा. गरज कोणाच्या घरी कधी पडेल, सांगता येत नाही. त्या दिवशी घाईत, रडत, फोनवरच्या गोड बोलण्यावर निर्णय होऊ नये, म्हणून हा कागद आजच तयार असू द्या.